मीटर कोणाच्या नावावर?

गेले काही महिने आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत तीन प्रश्न सारखे येत आहेत. पहिला, "छपरावर सोलर लावलो तर सरकार पैसे देता म्हणतत, ता खरा काय?" दुसरा, बॅटरीची स्कूटर घ्यावी की थांबावे? आणि तिसरा जरा रागातच विचारलेला, "ह्या कार्बन-बिर्बन आमका कित्याक? आमचे काय कारखाने आसत?" आज तिन्हींची उत्तरे एकत्र देऊ. सुरुवात तिसऱ्यापासून करू, कारण तो राग आम्हाला बऱ्याच अंशी रास्त वाटतो.

कार्बनचा धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. तो दिसत नाही, त्याला वासही नाही. कोळसा, डिझेल, पेट्रोल, गॅस जाळला की तो तयार होतो, हवेत साठतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो वायू निघतो. पेट्रोल स्वतः तर पाऊण किलोच भरते, मग धूर त्याच्या तिप्पट कसा? पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, त्याचे ते वजन. डिझेलचा एक लिटर सुमारे २.६ किलो देतो. घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर पूर्ण संपेपर्यंत चाळीस-बेचाळीस किलो. सिमेंटच्या एका पोत्यामागे तीसेक किलो वायू कारखान्यातच सुटलेला असतो. आणि विजेच्या एका युनिटमागे देशाची सरासरी सुमारे ०.७ किलो आहे. आपल्या राज्यात कोयनेचे पाणी आहे, तारापूरची अणुवीज आहे, पण विजेचा मोठा भार चंद्रपूर, कोराडी, भुसावळच्या कोळशावरच आहे. तारकर्लीत बटण दाबले की धूर तिकडे होतो.

एवढे चार-पाच आकडे वहीत लिहून ठेवा. पुढचे सगळे हिशेब त्यातूनच निघतात.

भारताने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत सांगितले की २०७० पर्यंत आपला निव्वळ धूर शून्यावर आणू. सत्तर साल लांब आहे. पण त्या शब्दापोटी आणि पेट्रोल-डिझेलचे आयातीचे बिल कमी करण्यासाठी केंद्र आणि राज्य सरकारने ज्या योजना काढल्या, त्या आज आपल्या दारात आहेत. घराच्या आणि प्रवासाच्या योजना आपल्याला थेट लागू पडतात, म्हणून आज तेवढ्याच पाहू.

आधी प्रवास.

तारकर्लीहून मालवण सहा-सात किलोमीटर. हे अंतर कशाने गेल्यावर किती धूर होतो, याचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. पेट्रोलची स्कूटर लिटरला पन्नास किलोमीटर देते असे धरले तर दर किलोमीटरला ४६ ग्रॅम. बॅटरीच्या स्कूटरला शंभर किलोमीटरसाठी तीनेक युनिट वीज लागते, म्हणजे दर किलोमीटरला २१ ग्रॅम. निम्म्याहून कमी. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या मोटारीत एकटा माणूस बसला तर दीडशे ग्रॅम. आता आपली लाल एसटी घ्या. लिटरला साडेचार किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला ५८० ग्रॅम, आकडा ऐकून दचकायला होते. पण गाडीत चाळीस माणसे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात साडेचौदा ग्रॅम.

पुन्हा वाचा. भरलेली डिझेलची जुनी एसटी, एकट्याने चालवलेल्या नव्या कोऱ्या बॅटरीच्या स्कूटरपेक्षा स्वच्छ ठरते. टोपली घेऊन सकाळच्या गाडीने बाजाराला जाणारी आपली बाई देशाचे हे उद्दिष्ट केव्हाचे पाळते आहे. तिला कोणी अनुदान देत नाही, कारण तिने काही विकत घेतलेले नाही. मघाचा राग आम्हाला रास्त वाटतो तो यासाठी.

अर्थात याच गाडीत आठच माणसे असतील तर प्रत्येकाच्या नावावर ७२ ग्रॅम पडतात आणि पेट्रोलची स्कूटरही बरी ठरते. सगळी गंमत गाडी भरण्यात आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीचे तिकीट अर्धे झाले. 'महिला सन्मान योजना' असे तिचे नाव, आणि ती कोणी पर्यावरणाची योजना म्हणून आणली नाही. पण एसटीकडे बायकांना वळवणारी ती योजना आमच्या मते धूर कमी करण्याच्या कामीही येते. तिचा खरा उपयोग तेव्हा, जेव्हा गाडी वेळेवर आणि आपल्या सोयीच्या वेळेला असते. अर्धे तिकीट हातात आहे आणि दुपारची फेरीच नाही, तर बाई शेवटी रिक्षा करते किंवा मुलाला स्कूटरवरून सोडायला सांगते.

एसटी महामंडळाने बॅटरीच्या गाड्याही आणल्या आहेत. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला धावली होती. त्याच मार्गावर १ जून २०२२ ला 'शिवाई' ही पहिली विजेवरची एसटी सुटली. पुढे ५१५० विजेच्या बस भाड्याने घेण्याचा करार झाला. अशा बसला आगारात चार्जिंगची सोय, जादा क्षमतेचे रोहित्र, सगळे आधी उभे करावे लागते, आणि ते मोठ्या शहरांच्या मार्गांवर आधी होते. आपल्या वळणाच्या, चढउताराच्या रस्त्यांचा नंबर मागून लागतो. तोवर डिझेलची का होईना, भरलेली गाडी चालू राहणे महत्त्वाचे. महिला ग्रामसभा मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते हे तुम्हाला माहीत आहेच. फेरीची मागणी तिथे ठराव करून मांडा आणि तो ठराव आगार व्यवस्थापकांकडे द्या. ग्रामपंचायत 'माझी वसुंधरा' अभियानात असेल तर आणखी चांगले. राज्याने २ ऑक्टोबर २०२० ला सुरू केलेल्या या अभियानात ग्रामपंचायतींना जे गुण मिळतात, त्यात 'अग्नी' म्हणजे ऊर्जेच्या बचतीचेही असतात.

रेल्वेचे काम मात्र झाले आहे. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण विजेवर आला आणि २० जून २०२२ ला त्याचे लोकार्पण झाले. डिझेलचे इंजिन गेले, खर्च कमी झाला, धूरही. मुंबईहून मोटारीने मालवणला यायचे तर साधारण पाचशे किलोमीटर होतात. तेहेतीस लिटर पेट्रोल, म्हणजे एका बाजूचा पाऊणशे किलो वायू. रेल्वेने कुडाळला उतरणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्याच्या कितीतरी कमी येतो. आता चाकरमान्यांना हे सांगून उपयोग नाही, गणपतीचे आरक्षण सुरू होते आणि मिनिटांत संपते. रेल्वे विजेवर आणणे हे एक काम, तिच्यात बसायला जागा देणे हे दुसरे, आणि ते बाकी आहे.

बॅटरीच्या स्कूटरबद्दल. राज्याचे २०२५ चे नवे विद्युत वाहन धोरण मार्च २०३० पर्यंत आहे. किमतीत सूट आणि करमाफी असे त्याचे स्वरूप आहे, शिवाय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. टोलमाफी समृद्धी महामार्ग, पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर. त्यातला अटल सेतू सोडला तर आपल्या वाटेवर काही येत नाही. सूट किती आणि ती बिलातच वजा होते की नंतर मिळते, हे घेण्याच्या दिवशी विक्रेत्याकडून लेखी घ्या. रोज वीस-पंचवीस किलोमीटर फिरणाऱ्या आशाताई, पोस्टाच्या किंवा बँकेच्या प्रतिनिधी, डबे पोहोचवणाऱ्या बायका यांना ही स्कूटर परवडते. आठवड्यातून एकदा मालवणला जाणारीने तिच्यासाठी कर्ज काढू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. बॅटरी काढून घरात आणता येते की स्कूटरच प्लगपर्यंत न्यावी लागते, हेही बघा. पावसाळ्यात अंगणातून वायर ओढून चार्ज करणे धोक्याचे आहे.

बायकांसाठी 'पिंक ई-रिक्षा' अशी एक योजना राज्याने २०२४ मध्ये आणली. रिक्षाच्या किमतीच्या २० टक्के सरकार, १० टक्के आपण, उरलेले ७० टक्के बँकेचे कर्ज. पहिल्या टप्प्यात ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. कोल्हापूरपर्यंत आली, घाट काही उतरली नाही. हंगामात देवबागपर्यंत पर्यटकांची रांग लागते ती पाहता इथे दहा रिक्षा सहज चालतील.

समुद्रावरचे थोडे बोलू, कारण आपल्याकडे वाहन म्हटले की होडीही आली. तिथे धोरण उलटे वाहते. मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो. तो बंद करा असे आम्ही म्हणणार नाही, आधीच मासळी कमी आणि खर्च जास्त. पण एकीकडे डिझेल स्वस्त करायचे आणि दुसरीकडे ते कमी जाळा म्हणायचे, ही सरकारची ओढाताण लक्षात असू द्या. किनाऱ्यावरून दोर ओढून मारलेल्या रापणीला डिझेल लागतच नाही. आणि एलईडीचे बघा. घरात एलईडी म्हणजे बचत, २०१५ साली 'उजाला' योजनेतून ते दिवे स्वस्त झाले आणि साठ वॉटच्या जागी नऊ वॉटमध्ये उजेड आला. समुद्रात मात्र जनरेटर लावून एलईडीच्या झोतात मासळी गोळा करणाऱ्या बोटींनी पारंपरिक मच्छीमारांचे पोट मारले. त्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, ती किती पाळली जाते ते किनाऱ्यावर रात्री उभे राहिले की दिसते.

आता घराकडे वळू. चुलीबद्दल थोडक्यात. न्हाणीतल्या चुलीत झावळ्या, सोडणे, करवंट्या जळतात. माड पुन्हा वाढतो आणि तेवढा वायू पुन्हा शोषतो, म्हणून त्या धुराचा हिशेब कोळशासारखा धरत नाहीत. पण डोळे आणि छाती बाईचीच जाते. मे २०१६ च्या उज्ज्वला योजनेचा सिलिंडर आला तो त्यासाठी. गॅस खनिजच आहे, तरी त्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईला कोणी धुराचा दोष देऊ नये.

आपली जुनी घरे चिऱ्याची, उतरत्या कौलांची, पुढे पडवी. चिरा भट्टीत भाजावा लागत नाही, जमिनीतून कापून काढला की झाला. (चिरेखाणींनी डोंगर कसे पोखरले हा वेगळ्या दिवसाचा विषय.) नवे घर स्लॅबचे होते. वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खोलीत उष्णता सोडतो. मग पंखा पुरत नाही, एसी येतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. आपल्या लहान घरांवर ती सक्तीची नाही, पण तिच्यातला एक नियम घर बांधणारीने जरूर वापरावा. दमट हवेच्या प्रदेशात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ जमिनीच्या किमान एक षष्ठांश असावे. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीला वीस चौरस फूट, चार बाय पाचची एक खिडकी. आणि उघडणारी म्हणजे खरोखर उघडणारी. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी चार बाय पाचची असली तरी एका वेळी निम्मीच उघडते, म्हणजे हिशेबात दहाच फूट. कोकणात उकाडा घामाचा असतो, वारा आरपार गेला तरच अंग सुकते. आपल्या आज्यांना हा नियम कोणी शिकवला नव्हता, तरी माजघरातून मागल्या दारापर्यंत वारा वाहायचाच.

पर्यटकांना खोल्या देणाऱ्या मैत्रिणींसाठी वेगळा हिशेब. एका खोलीतला एसी रात्रभरात आठेक युनिट घेतो. साडेपाच किलो वायू, सुमारे २.४ लिटर पेट्रोल जाळल्याएवढा, दर खोलीला, दर रात्री. पाहुण्याला एसी हवाच असतो, तो काढून टाका असे आम्ही सांगत नाही. जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू करताना आपोआप २४ अंशांवर येतात. पाहुणा ते १८ वर नेतो. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगते. खोलीत तशी एक पाटी लावायला पैसे पडत नाहीत. पंखा बदलणे त्याहून सोपे. जुना पंखा पंचाहत्तर वॉट घेतो, नवा पाच तारे असलेला, बीएलडीसी मोटरचा, तीसेक वॉट. जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर ताऱ्यांची पट्टी सक्तीची आहे, ती बघून घ्या. दिवसाला बारा तास चालणारे तीन पंखे बदलले तर महिन्याला पन्नासेक युनिट वाचतात. शंभर युनिटच्या पुढे दर एकदम चढतो, म्हणून हे पन्नास युनिट महागातले वाचतात.

आणि आता तो पहिला प्रश्न. हो, सरकार पैसे देते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये. एक किलोवॉट म्हणजे साधारण दोन मोठी पॅनेल, शंभर चौरस फूट जागा आणि वर्षाची सरासरी धरली तर रोज चारेक युनिट. जून-जुलैत त्याहून बरीच कमी. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज महावितरणला जाते आणि बिलातून वजा होते. ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत आहे त्यांच्यासाठी राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची जोडयोजना काढली. एक किलोवॉटचा खर्च ५० हजार धरून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला केंद्राचे ३० हजार, राज्याचे साडेसतरा हजार, आपल्या खिशातून अडीच हजार. बाकीच्यांना दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना पाच हजार भरावे लागतात.

अर्ज करण्याआधी काही गोष्टी पाहा.

केंद्राचे अनुदान काम पूर्ण होऊन मीटर बसल्यावर खात्यात येते. म्हणजे आधी पैसे आपण उभे करायचे, किंवा बँकेचे कर्ज घ्यायचे. पॅनेल भारतीय बनावटीचेच हवे, पुरवठादार नोंदणी केलेला हवा, आणि पाच वर्षे देखभाल त्याच्याच गळ्यात असते. "सरकारकडून आलो" म्हणून दारात येऊन आगाऊ रक्कम मागणाऱ्याला आधी नोंदणी दाखवायला सांगा. मीटर व्यावसायिक असेल तर हे अनुदान मिळत नाही.

सावली बघा. तारकर्लीत छपरापेक्षा माड उंच. एका पॅनेलवर झावळीची सावली पडली तरी त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांची वीज घटते. सकाळी नऊ ते दुपारी तीन सावली कुठे फिरते ते एक दिवस स्वतः पाहा, पुरवठादाराच्या शब्दावर जाऊ नका. आणि पॅनेलसाठी फळता माड तोडणे हा शहाणपणा नव्हे.

समुद्राचा खारा वारा साधे लोखंड खातो. सांगाडा जस्ताचा जाड मुलामा दिलेला किंवा ॲल्युमिनियमचा, आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, हे दरपत्रकात लिहून घ्या. जुन्या कौलारू घराचे वासे आणि रिपा भार घेतील का, हे सुताराला विचारा.

मे २०२१ मधले तौक्ते वादळ आठवते? खांब आडवे झाले, आणि कितीतरी वाड्यांत अनेक दिवस काळोख होता. पुष्कळांना वाटते, सोलर असते तर घरात उजेड असता. नसता. बॅटरी नसलेले, महावितरणच्या तारेला जोडलेले सोलर तारेतली वीज गेली की आपोआप बंद पडते, भर उन्हातही. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला उलट विजेचा धक्का बसू नये म्हणून ते तसेच बनवलेले असते. वादळात दिवा हवा असेल तर बॅटरीचा वेगळा खर्च धरावा लागतो.

शेवटचे आणि आमच्याकडच्या घरांत सगळ्यात अवघड, ते नावाचे. अर्ज वीजग्राहकाच्या नावावर होतो आणि छप्पर त्याच्या हक्काचे लागते. आपल्याकडे मीटर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, घरपट्टी आजेसासऱ्यांच्या नावावर, घर सामायिक, आणि हिस्सेदार मुंबईत. बिल भरते ती सून, तिचे नाव कुठेच नाही. नवे घरकुल बहुधा बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होते, तिथे ही अडचण येत नाही. जुन्या घरांसाठी ग्रामपंचायतीच्या नोंदीत पती-पत्नी दोघांचे नाव लावण्याचा शासन निर्णय २००३ पासून आहे. ग्रामसेवकांकडे तो अर्ज द्या. मीटरच्या नावबदलासाठी महावितरणकडे अर्ज करताना मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, ओळखपत्र आणि बाकी वारसांची संमती जवळ ठेवा. संमती गोळा करायला मुंबईला खेपा घालू नका. गणपतीत सगळे घरी येतात. कागद आधी तयार ठेवा, आरती झाली की पडवीतच सह्या घ्या, आणि त्याच वेळी छपराला सोलर लावायला कोणाची हरकत नाही, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. म्हणजे पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये काम सुरू करता येईल.